तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण वॉर्डात असताना: नळीपासून पहिल्या घासापर्यंत

तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण शस्त्रक्रियेसाठी किंवा रेडिएशनच्या त्रासामुळे दाखल होतो, तेव्हा तो बहुधा आधीच अर्धपोटी असतो. गालाच्या आत किंवा जिभेवर जखम असते, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, तिखट सोसत नाही. आधी भाकरी सुटते, मग भात सुटतो, आणि शेवटी चहात बुडवलेल्या बिस्किटावर दिवस निघतो. हे सगळे रुग्णालयात येण्याआधीच झालेले असते. आल्यावर त्यात तपासण्यांसाठीचे उपास, मळमळ आणि वेदना यांची भर पडते. कुपोषित रुग्णाची जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि रेडिएशन किंवा केमोथेरपी मध्येच थांबवावी लागण्याची शक्यता वाढते. म्हणून अन्नाचाही डोस असतो असे धरून चालावे: किती ठरले, किती वाजता दिले आणि प्रत्यक्षात किती पोटात गेले, याची नोंद औषधाइतक्याच काटेकोरपणे ठेवावी. पुढची माहिती रुग्णाजवळ बसणाऱ्या नातेवाइकांसाठी आणि वॉर्डात नव्याने काम करणाऱ्यांसाठी आहे. आकडे प्रौढ रुग्णाचे आहेत. मूत्रपिंड, यकृत किंवा हृदयाचा आजार असेल तर ते बदलतात, त्यामुळे अंतिम आकडा वॉर्डाच्या आहारतज्ज्ञांकडून घ्या.

पहिले दोन दिवस: वजन आणि चार प्रश्न

दाखल झाल्यापासून २४ ते ४८ तासांत पोषणाची तपासणी व्हायला हवी. त्यासाठी महागडी चाचणी लागत नाही. आजचे वजन किती, सहा महिन्यांपूर्वी किती होते, गेल्या आठवड्यात नेहमीच्या किती हिस्सा खाल्ले, आणि गिळताना ठसका लागतो का, हे चार प्रश्न पुरतात. जुने वजन कुणालाच आठवत नसेल तर पट्ट्याचे भोक किती आत गेले, बांगड्या सैल झाल्या का, असे विचारा.

सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरले असेल तर तो धोक्याचा इशारा समजा. ६० किलोचा माणूस ५७ च्या खाली आला की ही रेषा ओलांडली जाते. ५४ वर आला असेल तर शस्त्रक्रियेच्या आधीच आहारतज्ज्ञांना बोलावण्याचा आग्रह धरा. उभे राहता येत नसेल तर कोपर आणि खांदा यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजा. तो २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर रुग्ण कृश असण्याची दाट शक्यता असते. पुढे आठवड्यातून दोनदा, सकाळी लघवी करून आल्यावर, त्याच काट्यावर वजन घ्या. पायांवर सूज असेल तर वजन फसवे असते. अंगावरचे मांस झडत असतानाही काटा वर जातो.

रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाबद्दल एक समज खोलवर रुजला आहे. अल्ब्युमिन कमी आले की घरचे अंड्याच्या पांढऱ्याच्या मागे लागतात. अंडे चांगलेच आहे, जरूर द्यावे. पण शरीरात दाह किंवा जंतुसंसर्ग असताना अल्ब्युमिन त्यामुळेच खाली येते आणि नुसत्या अंड्यांनी ते वर येत नाही. पोषण सुधारतेय का हे वजन, दंडाचा घेर, हाताची पकड आणि रुग्ण स्वतः उठून किती चालतो यांवरून ओळखा.

किती लागते

उष्मांक (कॅलरी) दर किलो वजनामागे रोज २५ ते ३०. प्रथिने दर किलोमागे किमान १ ग्रॅम, शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन चालू असताना १.२ ते १.५ ग्रॅम. पाणी, अन्नातले धरून, दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर. ताप किंवा जुलाब असतील तर जास्त. म्हणजे ५० किलोच्या रुग्णाला १२५० ते १५०० कॅलरी, ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने आणि दीड लिटर पाणी.

या आकड्यांसमोर भेटायला येणारे काय आणतात ते ठेवून पाहा. एका शहाळ्याच्या पाण्यात जेमतेम ५० कॅलरी असतात आणि प्रथिने नावालाच. वरणाचे वरवरचे पाणी म्हणजे हळद-मिठाचे पाणी. डाळ तळाशीच राहते. साबुदाण्याच्या खिरीत दूध वगळले तर फक्त पिष्ट आणि साखर असते. मोसंबीचा रस तोंडाच्या जखमेला झोंबतो तो वेगळाच. या गोष्टी वाईट नाहीत, पण दिवसभर याच पोटात गेल्या तर पोट भरल्यासारखे वाटते आणि शरीर उपाशी राहते.

साखरेने गाठ वाढते म्हणून गोड, भात, दूध सारे बंद करणारी घरे खूप आहेत. खाणे तोडल्याने गाठ उपाशी राहत नाही. शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर तयार करते आणि झिजतो तो माणूस. मधुमेह असेल तर साखरेचा हिशेब डॉक्टरांच्या सल्ल्याने ठेवा. मधुमेह नसेल तर अशा रुग्णाची साखर तोडू नका. एकादशी, चतुर्थीचे उपासही उपचार संपेपर्यंत घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावेत.

सुरुवात हळू, आणि त्यामागचे कारण

नाकातून जठरात अन्न नेणारी नळी घातली की नातेवाइकांना हायसे वाटते आणि पहिल्याच दिवसापासून दर दोन तासांनी २५० मिलिलिटर सुरू होते. जो रुग्ण दहा दिवसांहून जास्त जवळपास उपाशी आहे, ज्याचे वजन तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त उतरले आहे किंवा ज्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १६ च्या खाली आहे, त्याच्या जिवाला याने धोका होऊ शकतो. उपाशी शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा साठा संपत आलेला असतो. एकदम पिष्ट मिळाले की इन्शुलिन उसळते आणि उरलेले क्षार रक्तातून पेशींत ओढले जातात. मग अंगावर सूज, धाप, छातीत धडधड, भ्रम दिसू लागतो. हृदयाची लयही बिघडू शकते. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दारूचे व्यसन असेल तर धोका आणखी वाढतो.

अशा रुग्णाला पहिल्या दिवशी दर किलोमागे १० कॅलरीपेक्षा जास्त देत नाहीत. अगदीच खंगलेल्याला ५ देतात. आकडा ४ ते ७ दिवसांत वाढवत पूर्ण गरजेपर्यंत नेतात. अन्न सुरू करण्याआधी थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, द्यायचे असते आणि सुरुवातीचे काही दिवस फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासायचे असते. डॉक्टरांच्या धावपळीत हे राहिले असे वाटले तर नम्रपणे पण स्पष्ट विचारा: "बाबा पंधरा दिवसांपासून जवळजवळ उपाशी आहेत. फॉस्फेट तपासलंय का? थायमिन चालू आहे का?"

नळीतून भरवताना

तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर नाकातून जठरात जाणारी राइल्स ट्यूब बहुधा एक ते दोन आठवडे राहते. टाके भरेपर्यंत तोंडातून काही द्यायचे नसते. रुग्ण स्थिर असेल तर नळीतून अन्न पहिल्या २४ तासांत सुरू करता येते. चार आठवड्यांहून जास्त काळ नळी लागणार असे दिसले तर पोटावरून बसवायच्या पेग नळीचा विचार होतो.

दर वेळी याच क्रमाने करा.

१. हात साबणाने धुवा. नाकपुडीपाशी नळीवर जी खूण किंवा आकडा आहे, तो जागच्या जागी आहे का ते पाहा. नळी बाहेर सरकलेली दिसली, रुग्ण खोकत असेल किंवा आवाज बदलला असेल तर अन्न देऊ नका, नर्सना बोलवा. नळी जठरातच आहे याची खात्री पहिल्यांदा एक्स-रेने आणि नंतर आतून ओढलेल्या द्रवाची आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीने करतात, पट्टी ५.५ किंवा कमी दाखवायला हवी. हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही.

२. पलंगाचे डोके ३० ते ४५ अंश उचला. शक्य असेल तर रुग्णाला बसवा. सपाट झोपवून भरवले तर अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकते.

३. ५० मिलिलिटरच्या सिरिंजने ३० मिलिलिटर उकळून गार केलेले पाणी सोडा.

४. सिरिंजचा दट्ट्या काढून टाका, नळकांडे नळीला जोडा आणि पोटापेक्षा हातभर उंच धरा. अन्न आपल्या वजनाने उतरू द्या. २०० मिलिलिटरला १५ ते २० मिनिटे लागली पाहिजेत. दट्ट्याने ढकलल्यास पोट फुगते, मळमळते आणि उलटी होते.

५. शेवटी पुन्हा ३० मिलिलिटर पाणी. नळीचे तोंड बंद करा आणि पुढचा पाऊण ते एक तास रुग्णाला आडवे करू नका.

गोळ्या अन्नात मिसळू नका. प्रत्येक गोळी वेगळी बारीक करून १० ते १५ मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि दोन औषधांच्या मध्ये पाणी सोडा. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईसी लिहिलेली गोळी कुटायची नसते. तिच्याऐवजी दुसरा प्रकार मागून घ्या. केमोथेरपीची गोळी तर कधीच कुटू नका. तिची पूड कुटणाऱ्याच्या श्वासात जाते.

नळी तुंबली तर त्याच मोठ्या सिरिंजने २० ते ३० मिलिलिटर कोमट पाणी हलक्या हाताने आत-बाहेर करा, पंधरा मिनिटे थांबा आणि पुन्हा करून पाहा. छोट्या सिरिंजने दाब खूप वाढतो आणि नळी फाटू शकते. तार घालू नका, कोलाही ओतू नका. नळी पूर्ण बाहेर आली तर स्वतः परत सरकवायची नाही. घशात ताजे टाके असतात आणि आंधळेपणाने घातलेली नळी ते उसवू शकते.

नळीत काय घालावे

पैशांची अडचण नसेल तर तयार पावडरचे मिश्रण वॉर्डात जास्त सुरक्षित असते. त्यातले घटक मोजलेले असतात, नळी कमी तुंबते, जंतूंचा धोका कमी. मात्र पावडर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवा. डबा पुरवून वापरायचा म्हणून ग्लासभर पाण्यात दोन चमचे घालणारे बरेच असतात; त्यांच्या रुग्णाला निम्मेही मिळत नाही. नेहमीचे लक्ष्य एका मिलिलिटरला एक कॅलरी हे असते.

घरचे किंवा रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातले अन्न द्यायचे असेल तर तेही मोजूनच करा. ५० किलोच्या रुग्णासाठी दिवसाचा एक हिशेब असा: टोन्ड दूध ७५० मिलिलिटर, सायविरहित दूध पावडर ४५ ग्रॅम, मुगाची डाळ ६० ग्रॅम, तांदूळ ४० ग्रॅम, मोड आणलेल्या नाचणीचे पीठ ३० ग्रॅम, दोन अंडी, तेल चार चहाचे चमचे, साखर ३० ग्रॅम. यातून साधारण १४५० कॅलरी आणि ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. अंडे चालत नसेल तर ६० ग्रॅम मऊ पनीर. मीठ किती ते आहारतज्ज्ञांना विचारा. अजिबात न घातल्यास सोडियम उतरू शकते.

याच्या प्रत्येकी २०० मिलिलिटरच्या सात वेळा होतात: सकाळी ६, ८.३०, ११, दुपारी १.३०, ४, संध्याकाळी ६.३० आणि रात्री ९. चार वेळा दूध, नाचणी, साखर आणि दूध पावडर यांची शिजवलेली पातळ पेज. तीन वेळा डाळ-तांदूळ, अंडी आणि तेल यांचे वाटण, सगळे मिळून ६०० मिलिलिटर. पुढेमागे सोडलेले पाणी धरून दीड लिटरची गरज भागते.

खरी अडचण घट्टपणाची असते. एवढी डाळ-तांदूळ ६०० मिलिलिटरमध्ये शिजवले तर ते नळीतून उतरत नाही. पातळ केले तर आकारमान वाढते आणि पोटात मावत नाही. इथे मोड आणलेली नाचणी कामी येते. धान्याला मोड येताना अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) तयार होते आणि ते पिष्टाचे तुकडे करते. डाळ-तांदूळ कुकरमध्ये अगदी मऊ शिजवा, उकडलेली अंडी आणि तेल घालून मिक्सरमध्ये वाटा, गाळा. वाफ येत असेल पण उकळत नसेल इतपत गरम असताना नाचणीच्या त्या ३० ग्रॅममधलेच चहाचा एक चमचा पीठ घालून ढवळत राहा. पाच-दहा मिनिटांत घट्ट लगदा सैल होतो. मग पुन्हा दोन-तीन मिनिटे उकळी आणा, म्हणजे पिठातले जंतू मरतील. उकळत्या अन्नात पीठ घातले तर विकर लगेच निकामी होते आणि काहीच पातळ होत नाही. तेच पीठ आधी खमंग भाजले तरीही तसेच होते, म्हणून मोड वाळवल्यावर भाजणी अगदी मंद ठेवा.

तयार अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पुढच्या वेळेचे लगेच फ्रिजमध्ये जाऊ द्या आणि २४ तासांत संपवा. मिक्सरचे भांडे, गाळणी आणि सिरिंज दर वेळी गरम पाण्याने धुऊन कोरडी करा. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर हे जास्तच सांभाळावे लागते: कच्ची कोशिंबीर, कापून ठेवलेली फळे, अर्धकच्चे अंडे, बाहेरची चटणी आणि बर्फ बंद, ताजे शिजवलेले आणि स्वतः सोललेले केळे चालते.

बिघाड आणि त्यांची कारणे

जुलाब लागले की पहिला आळ अन्नावर येतो आणि नळी बंद केली जाते. आधी औषधांचा कागद पाहा. प्रतिजैविके, सॉर्बिटॉल असलेली पातळ औषधे, चालूच राहिलेला रेचक ही नेहमीची कारणे आहेत. त्यानंतर स्वच्छता आणि भरवण्याचा वेग तपासा. स्वतःहून अन्न बंद करू नका. याउलट मॉर्फिन किंवा ट्रामाडॉलसारखे वेदनाशामक चालू असेल तर बद्धकोष्ठ होतेच. रेचक पहिल्या दिवसापासून सोबत हवे, चौथ्या दिवशी पोट फुगल्यावर नाही.

मानेच्या शस्त्रक्रियेनंतर मानेला एक निचरा-नळी असते. अन्न सुरू झाल्यावर तिच्यात येणारा द्रव दुधासारखा पांढरट दिसू लागला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. मानेतल्या लसिकावाहिनीला इजा होऊन आहारातली चरबी तिथून गळते आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. मग काही दिवस नेहमीच्या तेला-तुपाऐवजी एमसीटी नावाची विशिष्ट चरबी असलेले मिश्रण देतात. खोबरेल तेल हा त्याला पर्याय नाही.

मधुमेही रुग्णाला इन्शुलिन दिले आणि नेमकी त्याच वेळी नळी निघाली किंवा तपासणीला न्यावे लागले, तर अन्न चुकते आणि साखर धोकादायक खाली येते. इन्शुलिननंतरचे अन्न चुकले की नर्सना त्याच मिनिटाला सांगा.

तपासण्यांचे उपास हे वॉर्डातल्या उपासमारीचे मोठे कारण आहे. "रात्री बारापासून काही देऊ नका" असे सांगितले जाते, नंबर दुपारी दोनला लागतो आणि कधी तपासणीच दुसऱ्या दिवसावर जाते. भूल देण्याआधी अन्न, दूध आणि नळीचे अन्न साधारण सहा तास आणि साधे पाणी दोन तास बंद ठेवणे पुरते. सोनोग्राफी, पेट-सीटी यांचे नियम वेगळे असतात. म्हणून दर वेळी विचारा: नंबर कितीचा, शेवटचे अन्न किती वाजता चालेल, पाणी चालेल का. चुकलेले २०० मिलिलिटर पुढच्या वेळी एकदम घालू नका. त्या दिवसाच्या उरलेल्या वेळांत ५० मिलिलिटरची भर घालून ते भरून काढा.

रेडिएशनचे आठवडे

रेडिएशन सहसा आठवड्यातले पाच दिवस, सहा ते सात आठवडे चालते. तोंड येणे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, पाचव्या-सहाव्यात सर्वात वाईट असते आणि उपचार संपल्यावरही दोन ते चार आठवडे रेंगाळते. घरच्यांना वाटते की रेडिएशन संपले म्हणजे आता जेवतील. तसे होत नाही, आणि याच काळात वजन भराभर उतरते.

लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी चूळ भरावी. अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा. वेदनाशामक जेवणाआधी अर्धा तास द्या. तोंड बधिर करणारे औषध लावले असेल तर पहिले घास फार सावकाश, कारण बधिर घशात ठसका कळत नाही. जिभेवर पांढरा थर दिसला तर ती बुरशी असू शकते. तिला औषध आहे, नुसते सोसू नका.

अन्न कोमट किंवा गार, मऊ आणि ओलसर हवे: तूप घालून मऊ भात आणि घट्ट वरण, दूध पावडर घातलेली नाचणीची पेज, मुगाचे कढण, दुधात कुस्करलेले केळे, अंड्याचे कस्टर्ड. चिंच, कोकम, लिंबू, आंबट ताक आणि मिरची काही आठवडे दूर ठेवा. एका वेळी वाटीभरच, पण दिवसातून सहा-सात वेळा. मिश्री, तंबाखू कुणी लपवून आणून देत असेल तर त्याला ठामपणे थांबवा. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात आणि नव्याने लावलेल्या मांसाला रक्त कमी पडते.

पुन्हा तोंडाने

नळी असतानाच गिळण्याचे प्रशिक्षण सुरू होते. गिळण्याच्या तज्ज्ञांनी तपासून होकार दिल्यावरच पहिला घास. बऱ्याच रुग्णांना पाण्यासारखे पातळ पदार्थ सर्वात अवघड जातात, कारण ते सावरण्याआधीच घशात उतरतात. दह्याइतके दाट अन्न सोपे जाते. ताठ बसून, हनुवटी किंचित छातीकडे झुकवून, चहाच्या अर्ध्या चमच्याने सुरुवात करा. पण हनुवटीची ही ढब सगळ्यांना चालत नाही, शस्त्रक्रिया कुठे झाली त्यावर ती ठरते. घासानंतर आवाज ओलसर, गुरगुरल्यासारखा आला तर थांबा.

तोंडाने खाल्लेले रोज लिहा: पूर्ण, पाऊण, अर्धे की पाव. जसजसे ते वाढेल तसतशा नळीच्या वेळा एकेक करून कमी करा, आधी जेवणाच्या वेळेजवळच्या. गरजेच्या तीन-चतुर्थांश अन्न सलग दोन-तीन दिवस तोंडाने गेले आणि वजन टिकले तर नळी काढण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. नळीसह घरी किंवा धर्मशाळेत जायचे असेल तर निघण्याआधी किमान तीन वेळा नर्ससमोर स्वतःच्या हाताने भरवून दाखवा. नळी कधी बदलायची, ती निघाली तर रात्री-अपरात्री कुठे जायचे आणि पुढचे वजन कधी घ्यायचे, या तीन गोष्टी डिस्चार्जच्या कागदावर लिहून मागा.